डिलाईल रोडचे ना. म. जोशी

मुंबईत लोअर परळ किंवा करी रोड स्टेशनाबाहेर पडून डिलाईल रोडला लागले की आता काचेच्या उंच इमारती दिसतात. एके काळी जिथे गिरण्यांचे भोंगे वाजत, तिथे बँकांची, विमा कंपन्यांची, जाहिरात संस्थांची ऑफिसे झाली. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली तरुण मुले-मुली सकाळी लोंढ्याने आत शिरतात. यातल्या बहुतेक ऑफिसांत ‘एचआर’ नावाचा एक विभाग असतो. नेमणुकीचे पत्र तो देतो, रजेचे नियम तो सांगतो, साहेबाशी खटका उडाला तर तक्रार त्याच्याकडे जाते आणि नोकरी जायची वेळ आली तर तो कटू निरोपही त्याच्याच तोंडून ऐकावा लागतो. या खात्यात शिरता यावे म्हणून मुले दोन-दोन वर्षे वेगळा अभ्यास करतात. तंटे का होतात, ते कसे मिटवायचे, बोलणी कशी करायची, हे सारे त्यांना शिकवले जाते.

यातल्या कित्येक ऑफिसांच्या पत्त्यात ना. म. जोशी मार्ग असे लिहिलेले असते. हे जोशी कोण, असे विचारले तर कुणी स्वातंत्र्यसैनिक असावेत, कुणी जुने नगरसेवक असावेत, असे तर्क ऐकायला मिळतात. नेमणुकीचे पत्र, दंडाची मर्यादा, पगाराची ठरलेली तारीख, काढून टाकण्यापूर्वीची नोटीस या गोष्टी कागदावर आणण्यासाठी ज्यांनी सगळे आयुष्य घालवले त्यांच्यापैकीच हे एक, हे तिथल्या एचआरवाल्यांनाही ठाऊक नसते. मात्र जोशी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसत, एवढाच फरक.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ चा, कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा. शिक्षण पुण्याला, न्यू इंग्लिश स्कूल आणि डेक्कन कॉलेजात. १९०१ साली ते पदवीधर झाले आणि त्या काळच्या शेकडो कोकणस्थ पदवीधरांप्रमाणे शाळामास्तर झाले. सात-आठ वर्षे त्यांनी मास्तरकी केली. तीच करत राहिले असते तर निवृत्तिवेतन घेऊन गोरेगावात वाडी राखत बसले असते. पण १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. समाजाच्या सभासदाने स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, समाज देईल त्या जेमतेम रकमेत संसार चालवायचा, असा दंडक होता. आणखी एक दंडक होता, आणि जोशींच्या पुढच्या आयुष्याची किल्ली त्यात आहे. नव्या सभासदाने पाच वर्षे शिकायचे, देश हिंडून पाहायचा, घाईने व्यासपीठावर चढायचे नाही. गोखल्यांना आकड्यांचा नाद होता आणि तो त्यांनी शिष्यांना लावला.

१९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग निघाली, तिच्यामागे जोशीच होते. रात्रीच्या शाळा, फिरती वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या असे लीगचे काम चाले. परळला लीगच्या वास्तूत पुढे उभ्या राहिलेल्या दामोदर नाट्यगृहाने कामगार रंगभूमीच्या कित्येक पिढ्या पाहिल्या. काही गिरणीमालकांनी आपल्या कामगारांसाठीचे कल्याणकार्यही लीगकडे सोपवले होते. थोडक्यात, सुस्थितीतल्या माणसांनी गरिबांसाठी करावे असे चांगले काम. ते करता करता जोशींच्या नजरेस जे आले त्याने त्यांचा मार्ग बदलला.

गिरणगाव तेव्हा कसे होते? मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. शंभरातली ९७ कुटुंबे एका खोलीत राहत होती. ४७ कुटुंबे कर्जात होती आणि कर्जाचा सर्वसाधारण दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला पाऊणशे टक्के होता. आता हे कर्ज व्हायचे कशाने? दारू, लग्नकार्ये, गावाकडची देणी, ही कारणे होतीच आणि सुधारक मंडळी ती आवडीने सांगत. पण गिरणीचा पगार महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी हाती पडे, हेही एक कारण होते. गावाहून आलेल्या नव्या माणसाला पहिला पगार दिसायला दीड महिना लागे. तोवर खायचे काय? वाण्याकडे उधारी, नाहीतर दारात काठी आपटत येणारा पठाण. पतपेढी काढून एखाददुसरा कामगार पठाणाच्या हातून सुटत होता, पण पगाराची तारीख जोवर मालकाच्या मर्जीवर होती तोवर नव्या कर्जदारांना तोटा नव्हता. कर्ज हा कामगाराच्या स्वभावाचा दोष नसून नोकरीच्या अटींचा परिणाम आहे, हे एकदा दिसल्यावर रात्रीच्या शाळेत समाधान मानणे त्यांना शक्य नव्हते.

या वाटेवर त्यांच्या आधी एक मोठा माणूस चालून गेला होता. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला होता. आठवड्याची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार अशा त्यांच्या साध्या मागण्या होत्या. १८९० मध्ये मुंबईच्या गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली ती लोखंड्यांच्या खटपटीने. १८९७ च्या प्लेगात ते गेले आणि पुढची वीस वर्षे गिरणगावाला तसा माणूस मिळाला नाही. वेळेवर पगाराची मागणी मात्र तशीच पडून राहिली होती.

पहिले महायुद्ध संपले आणि चित्र पालटले. महागाईने संप पेटले. इकडे युद्धानंतरच्या तहान्वये आंतरराष्ट्रीय मजूर संघटना स्थापन झाली आणि १९१९ च्या ऑक्टोबरात तिची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. हिंदी कामगारांचा प्रतिनिधी म्हणून सरकारने जोशींना धाडले. कामगारांनी निवडून पाठवावे तर देशात त्यांची मध्यवर्ती संघटनाच नव्हती. त्या परिषदेने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांचा ठराव केला, पण हिंदुस्थानसाठी अपवाद करून साठ तास ठेवले. आज साठ तास ऐकून आपल्या पोटात गोळा येतो. तेव्हा मुंबईच्या गिरण्यांत बारा तासांचा दिवस नित्याचा होता, म्हणून साठ तास हीसुद्धा कमाईच होती. १९२२ च्या कारखाना कायद्यात ती उतरली.

प्रतिनिधी पाठवायचा तर संघटना हवी, ही निकड त्या परिषदेने दाखवून दिली. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईच्या एंपायर थिएटरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. लाला लजपतराय अध्यक्ष होते आणि कामगारांचे काका जोसेफ बॅप्टिस्टा पुढाकारात होते. जोशी या संघटनेचे पुढे दोनदा सरचिटणीस झाले, १९२५ ते १९२९ आणि १९४० ते १९४८. मधली अकरा वर्षे रिकामी का, ते पुढे येईल.

आता एका खटल्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्यावाचून जोशींचे सर्वांत मोठे काम कळत नाही. मद्रासला बकिंगहॅम आणि कर्नाटिक नावाच्या गिरण्या होत्या, बिन्नी कंपनीच्या. १९१८ साली तिथल्या कामगारांची मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. बी. पी. वाडिया तिचे अध्यक्ष होते. १९२० च्या अखेरीस तंटा झाला, गिरणीला टाळे लागले. कंपनी हायकोर्टात गेली. कामगारांना कामावर न जाण्याची चिथावणी देऊन युनियनच्या पुढाऱ्यांनी आमच्या नोकरीच्या कराराचा भंग घडवून आणला, सबब नुकसानभरपाई द्यावी, असा दावा होता आणि आकडा होता सात हजार पौंडांचा. कोर्टाने पुढाऱ्यांना मनाई हुकूम दिला. पुढे वाडियांनी कामगार चळवळीतून अंग काढून घ्यावे, या अटीवर कंपनीने दावा सोडून दिला.

याचा अर्थ काय होतो, तो घरातल्या भाषेत पाहू. आपला पगार कमी झाला म्हणून दहा माणसांनी मिळून काम थांबवायचे ठरवले आणि एकाने पुढे होऊन बाकीच्यांना तसे सांगितले, तर त्या एकाला मालक कोर्टात खेचून कफल्लक करू शकत होता. काम एकेकट्याने सोडायला हरकत नव्हती, मिळून सोडणे गुन्ह्यात जमा होते. मालकांच्या मंडळांना मात्र मिळून दर ठरवायला कुणाची आडकाठी नव्हती.

जोशी तेव्हा दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारनियुक्त सदस्य होते. कामगारांना मताचा अधिकार नव्हता, म्हणून त्यांच्या वतीने सरकार एक माणूस नेमी. १ मार्च १९२१ रोजी जोशींनी ठराव मांडला की, कामगार संघांना नोंदणी आणि संरक्षण देणारा कायदा सरकारने करावा. ठराव मान्य झाला. पण मान्य होणे आणि कायदा होणे यांत पाच वर्षे गेली. १९२६ साली ट्रेड युनियन्स अॅक्ट संमत झाला आणि १ जून १९२७ पासून अमलात आला. सात कामगार एकत्र आले तर संघ नोंदवता येई आणि नोंदलेल्या संघाच्या माणसांवर केवळ संप घडवला म्हणून कट केल्याचा खटला किंवा भरपाईचा दावा लावता येत नसे. संघाच्या पदाधिकाऱ्यांत निम्मे बाहेरचे असू शकतील, ही तरतूदही त्यात होती.

या बाहेरच्या माणसांवरून मालक जोशींना फार टोचत. गिरणीत कधी पाऊल न टाकलेले वकील, मास्तर कामगारांच्या वतीने का बोलतात, असा त्यांचा सवाल असे. वरवर तो रास्त वाटतो. पण गिरणीतल्या माणसाने तोंड उघडले की दुसऱ्या दिवशी त्याचा खाडा कायमचा होई. बाहेरच्याला कामावरून काढता येत नाही, म्हणून बाहेरचा लागतो. मालकांनी संघ मान्य करावेत, पुढाऱ्यांना काढून टाकणे थांबवावे, मग बाहेरच्यांची गरज आपोआप संपेल, अशी जोशींची भूमिका होती. ती मालकांच्या गळी सहजासहजी उतरली नाही.

दिल्लीत त्यांचे काम रुक्ष असे. खाणीत जमिनीखाली उतरणाऱ्या बायका, यंत्रात हात गमावलेला माणूस, बोटीवरचे खलाशी यांविषयी प्रश्न, उपप्रश्न, दुरुस्त्या. १९२४ मध्ये त्यांनी बाळंतपणाच्या रजेसाठी आणि भत्त्यासाठी विधेयक आणले. ते फेटाळले गेले. बाळंतिणीला घरी बसवून पैसे द्यायचे, ही कल्पनाच सभागृहाला परवडणारी नव्हती. पण विषय निघाला तो निघाला. मुंबई प्रांतात १९२८ मध्ये तसे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे जोरदार समर्थन केले आणि १९२९ साली मुंबईने देशातला पहिला प्रसूती भत्ता कायदा केला. साऱ्या देशासाठी असा कायदा व्हायला १९६१ उजाडले.

याच सुमारास मुंबईत खरी कसोटी सुरू झाली होती. १९२५ मध्ये मालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. गिरण्या सप्टेंबरपासून अडीच महिन्यांहून अधिक बंद राहिल्या. सरकारने कापडावरची जकात स्थगित केली, मालकांनी कपात मागे घेतली आणि भोंगे पुन्हा वाजले. त्या अनुभवातून १९२६ च्या जानेवारीत जोशींच्या अध्यक्षतेखाली बाँबे टेक्स्टाईल लेबर युनियन निघाली. वर्गणी, पावत्या, हिशेब, तक्रारींची नोंद असा तिचा शिस्तीचा कारभार होता. पण तिचे सभासद काही हजारच होते आणि गिरण्यांत दीड लाख माणसे होती.

१९२८ साली तंटा कपातीचा राहिला नाही. काही गिरण्यांनी नवी पद्धत आणली. दोन माग पाहणाऱ्या विणकराने तीन पाहावेत, सूतकताईच्या यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू एकाने सांभाळाव्यात. माणसे कमी, उत्पादन तेवढेच. आज याला जी गोड इंग्रजी नावे आहेत ती सगळ्यांना ठाऊक आहेतच. डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर हे तरुण कम्युनिस्ट गिरणीच्या दारात सभा घेऊ लागले. जोशी तेव्हा पन्नाशीला आले होते. सर्वसाधारण संपाला त्यांच्या युनियनची तयारी नव्हती. तयारीशिवायचा संप म्हणजे उपास, असे त्यांचे गणित होते. पण एप्रिलअखेर जवळजवळ सर्व गिरण्या थांबल्या. तेव्हा बाजूला उभे राहून आपले म्हणणे खरे ठरण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. मे महिन्यात जोशी आणि कम्युनिस्ट मिळून संयुक्त संपसमिती झाली, सतरा मागण्या लिहिल्या गेल्या आणि ज्यांचे एकमेकांशी पटत नव्हते ते सहा महिने एका टेबलाशी बसले.

त्या मागण्यांत पगाराखेरीज बरेच काही होते. मालकांनी गिरणीच्या नियमांचा एक मसुदा काढला होता, त्यावर मोठा वाद झाला. विणकराच्या हातून कापड बिघडले तर तो तागा त्याच्याच गळ्यात मारून किंमत पगारातून कापत. न सांगता काम सोडले तर राहिलेला पगार जप्त होई, उलट मालकाने काढताना तीच सूचना द्यावी असे बंधन कागदावरही धड नव्हते. जोशींना या बारीक कलमांत जो रस होता तो सभा गाजवणाऱ्यांना नसे. तंटा होतो तो बहुधा मोठ्या तत्त्वावरून नाही, तर कुणाच्या तरी लहरीवरून. लहरीच्या जागी छापील नियम आला आणि तो दोघांनाही सारखाच लागू झाला तर निम्मे तंटे दारातच संपतील, हे त्यांच्या लक्षात आले होते.

एका अन्यायाकडे मात्र कामगार पुढाऱ्यांचे दुर्लक्ष होत होते. विणखात्यात पगार जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यात धागा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे आणि त्या कारणाने सवर्ण विणकर त्यांना शेजारी उभे राहू देत नसत. हा प्रश्न संपाच्या मागण्यांत यावा म्हणून आंबेडकरांना संपसमितीशी भांडावे लागले आणि तो शेवटी घेतला गेला तोही नाखुशीने. जोशींच्या चरित्रात ही बाजू झाकू नये. मालकाच्या लहरीचा नियम त्यांनी वाचला होता, सोबत्याच्या सोवळ्याचा वाचायला त्यांनाही उशीर झाला.

ऑक्टोबर १९२८ मध्ये तडजोड झाली आणि न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. जोशी आणि डांगे दोघेही तिच्यापुढे कामगारांची बाजू मांडत होते. पगाराचे दर, मागांची संख्या, गिरणीचे नियम यांवर महिनोन्‌महिने साक्षी चालल्या. पण बाहेर वारे फिरले होते. नव्या गिरणी कामगार युनियनचे सभासद पन्नास हजारांवर गेले, जोशींची युनियन तिच्यापुढे झाकोळून गेली. २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्यासाठी डांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. एप्रिलअखेर पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला गेला. जोशींच्या युनियनने त्याला विरोध केला आणि गिरणगावात त्यांना मालकधार्जिणे म्हटले गेले.

त्याच एप्रिलमध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात ट्रेड डिस्प्यूट्स बिल चालले होते. तंट्यांसाठी चौकशी न्यायालये आणि समेट मंडळे नेमण्याची सोय त्यात होती, पण सहानुभूतीच्या संपांवर आणि सार्वजनिक सेवेतल्या संपांवर बंधनेही होती. समेटाची यंत्रणा तर जोशींना हवीच होती, तरी संपाचा हक्क छाटणारी कलमे नकोत म्हणून ते या विधेयकाशी झगडले. ८ एप्रिलला ते संमत झाले आणि त्याच दिवशी, त्याच सभागृहात, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले. त्या बाँबची गोष्ट शाळेतल्या मुलालाही येते. पण सभागृहात त्या दिवशी ज्यावर मत घेतले गेले तो कायदा कामगारांविषयीचा होता, हे सहसा सांगितले जात नाही.

वर्षाच्या शेवटी उरलेसुरले तुटले. नागपूरला ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. सरकारने जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक रॉयल कमिशन नेमले होते आणि जोशी त्याचे सदस्य होते. त्याच कमिशनवर बहिष्काराचा ठराव बहुमताने झाला. जिनिव्हाच्या मजूर परिषदेशीही संबंध नको असे ठरले. जोशी आणि त्यांच्याबरोबरचे संघ बाहेर पडले आणि त्यांनी वेगळे फेडरेशन काढले. ज्या संस्थेला नऊ वर्षांपूर्वी त्यांनी जन्म दिला, तिच्या दाराबाहेर आता ते उभे होते. परक्या सरकारच्या कमिशनवर बसणे चूक की बरोबर, यावर आजही वाद घालता येईल. मला स्वतःला बहिष्काराचा ठराव समजू शकतो. देश पूर्ण स्वातंत्र्याच्या घोषणेच्या उंबरठ्यावर होता. पण त्या कमिशनच्या अहवालात पुढे जे आले ते वाचल्यावर, जोशी त्या खुर्चीत बसले हे बरे झाले असेच म्हणावेसे वाटते.

घनश्यामदास बिर्ला, व्हिक्टर ससून यांच्यासारखे भांडवलदार आणि जोशी, चमनलाल यांच्यासारखे कामगारांचे कैवारी असे हे मिश्र मंडळ दोन हिवाळे देशभर हिंडले. १९३१ मध्ये अहवाल आला. त्यात जॉबरवरची पाने मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. गिरणीत मालक क्वचित दिसे, मॅनेजरला कामगाराची भाषा येत नसे. सारा कारभार जॉबरच्या हाती. कामावर घेणारा तो, काढणारा तो, मशीन बिघडले तर पाहणारा तो, अडीनडीला कर्ज देणारा आणि कधी खोली मिळवून देणाराही तोच. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नाईकिणीकडे असे. कामाला लागताना दस्तुरी, सुटीवरून परत आल्यावर दस्तुरी, बदलीचे दोन दिवस मिळाले तरी दस्तुरी. रॉयल कमिशनने सांगितले की, भरती आणि बडतर्फी जॉबरच्या हातून काढा. प्रत्येक मोठ्या कारखान्यात एक लेबर ऑफिसर नेमा. तो थेट जनरल मॅनेजरच्या हाताखाली असावा, त्याला कामगारांची भाषा यावी, भरती त्याने करावी आणि त्याच्या कानावर घातल्याशिवाय कुणाला काढू नये. शिवाय कामगार आणि व्यवस्थापन यांच्या संयुक्त समित्या असाव्यात.

आपल्याकडच्या एचआर खात्याची जन्मपत्रिका काढायची तर ती या पानांत सापडते. मुंबईत १९३४ च्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला, पाठोपाठ गिरणीमालक संघानेही आपला नेमला. १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली आणि सकाळी गेटवर जॉबरची मनधरणी करण्याचा प्रकार थोडा तरी कमी झाला. १९३६ साली नागपाड्याला सर दोराबजी टाटा यांच्या नावाची समाजकार्याची शाळा निघाली, तिथे अशा अधिकाऱ्यांचे रीतसर शिक्षण होऊ लागले. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. १९४६ च्या कायद्याने नोकरीचे नियम छापून लावणे मोठ्या कारखान्यांना भाग पडले, १९४७ च्या कायद्याने शंभर कामगारांमागे संयुक्त समितीची तरतूद केली आणि १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला. संसदेने २०१९ आणि २०२० मध्ये केलेल्या चार संहितांत हे जुने कायदे गुंफले गेले आहेत.

आणि पगाराची तारीख? १९३६ साली पेमेंट ऑफ वेजेस अॅक्ट झाला. हजारांहून कमी कामगार असतील तर पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आत, जास्त असतील तर दहाच्या आत पगार. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून अधिक नाही. लोखंड्यांच्या अर्जानंतर बावन्न वर्षांनी, जोशींच्या पहिल्या पतपेढीनंतर बऱ्याच उशिराने, हे घडले. आपल्याकडे घरोघर सात तारखेला जे महत्त्व आले, वाण्याचे बिल, दूधवाल्याचा हिशेब, मुलांची फी सातनंतर असे जे म्हटले जाई, त्याच्या मुळाशी हा कायदा होता.

तुटलेले पुन्हा जोडणे हे तोडण्यापेक्षा कठीण. जोशींनी ते केले. १९३८ मध्ये नागपूरलाच, अटी घालून, दोन्ही संघटना जवळ आल्या आणि १९४० मध्ये पूर्ण एक झाल्या. राजकीय प्रश्नावरचा ठराव किंवा संपाचा निर्णय साध्या बहुमताने करायचा नाही, मोठे बहुमत लागेल, अशी तडजोड होती. थोड्यांना बरोबर घेऊनच पुढे जायचे, ही जोशींची जुनी रीत त्यात उतरली. सरचिटणीसपद पुन्हा त्यांच्याकडे आले. युद्धाच्या काळात काँग्रेस आणि समाजवादी पुढारी तुरुंगात गेले आणि संघटनेत कम्युनिस्टांचे वजन वाढले, तरी कम्युनिस्ट नसलेले जोशी सरचिटणीस राहिले. ज्यांनी १९२९ मध्ये त्यांना घालवले होते, त्यांच्याबरोबर त्यांनी आठ वर्षे काम केले. १९४७ मध्ये काँग्रेसवाल्यांनी इंटक काढली, १९४८ मध्ये समाजवाद्यांनी हिंद मजदूर सभा. एकीसाठी ज्या तडजोडी केल्या होत्या त्यांना आता अर्थ उरला नाही. त्याच वर्षी जोशी पदावरून बाजूला झाले. वय सत्तरीला टेकले होते.

ते मंत्री झाले नाहीत, त्यांच्या नावाने गट राहिला नाही. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. डिलाईल रोडला पुढे त्यांचे नाव देण्यात आले तेव्हा त्या रस्त्यालगतच्या गिरण्या चालू होत्या आणि पाळी सुटली की बी. डी. डी. चाळींच्या दिशेने माणसांची रीघ लागे.